बोअर किट बसवलं म्हणून विम्याचा दावा पूर्ण बुडतो का?

प्रश्न: माझ्या ११० सीसी स्कूटरची देखभाल मी घरीच करतो. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं बोअर किटही, म्हणजे मोठा पिस्टन आणि त्याचा सिलिंडर ब्लॉक, बसवलं. सिग्नलला थांबलो असताना मागून टेम्पोने ठोकलं, क्रँककेस (इंजिनचं बाहेरचं कवच) फुटला. इंजिन उघडल्यावर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) मोठा पिस्टन दिसला आणि कंपनीने दावा फेटाळला. मेकॅनिक म्हणतो, जुना ब्लॉक बसवून पुन्हा तपासणी मागा. काय करू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: जुना ब्लॉक आता अजिबात बसवू नका. सर्व्हेअरकडे फोटो आहेत. तुम्ही पुरावा बदललात असं ठरलं, तर तुमची खरी बाजूही कोणी ऐकणार नाही.

ऑइल, प्लग, व्हेरिएटरचे रोलर घरी बदलणं यात बेकायदा काही नाही. गाडी स्वतःच्या हाताने जपणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. बोअर किटने मात्र सीसी वाढते आणि आरसीवर जुनाच आकडा राहतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८चं कलम ५२ नेमकं याला मनाई करतं. कलम १८२अ(४)प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ही चूक झाली आहे. ती लपवू नका.

पण म्हणून दावा पूर्ण बुडत नाही. अमलेंदु साहू प्रकरणात (२०१०) फक्त खासगी वापरासाठी विमा काढलेली गाडी भाड्याने दिलेली होती, तिला अपघात झाला. अटीचा भंग होऊनही दावा सरसकट फेटाळणं सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. अशा दाव्यात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची 'नॉन-स्टँडर्ड' पद्धत न्यायालयाने मान्य केली. तुमची गाडी तर उभी होती. पिस्टन मोठा असो वा लहान, टेम्पो आदळलाच असता. सगळा भर या एकाच मुद्द्यावर द्या.

त्यासाठी एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत काढा. सिग्नलवरच्या सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज पोलिसांकडे आजच द्या, ते लवकर पुसलं जातं. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. त्यासाठी वर्षभराची मुदत असते. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही, तुम्हीच बोलायचं. ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला असतो. किटची किंमत मात्र दाव्यात धरू नका.

टेम्पोच्या विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही नुकसानभरपाई मागता येते. कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत.

दावा मिटला की कंपनीला लेखी कळवून मूळ ब्लॉक बसवा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.