वाचकांचे प्रश्न : छोट्या पक्षाचा उमेदवारी अर्ज

प्रश्न : आमचा पक्ष निवडणूक आयोगाकडे नोंदलेला आहे, मान्यताप्राप्त (ठरावीक मते-जागा मिळवून आयोगाची मान्यता मिळालेला) नाही. विधानसभेला उभे राहायचे आहे. सूचक, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, एकच पुरतो का? अर्ज बाद कशाने होतो?

उत्तर : एक सूचक मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला पुरतो. तुम्हाला अपक्षाप्रमाणे दहा लागतील, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. तुमचे स्वतःचे नाव राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत चालते. ते दुसरीकडे असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत जोडा.

घात होतो तो सूचकांपाशी. शहरात मतदारसंघाची हद्द रस्त्यावरून जाते, समोरच्या इमारतीतला कार्यकर्ता सही करतो आणि छाननीत कळते की तो शेजारच्या मतदारसंघातला. उरले नऊ, अर्ज बाद. यादीतला अनुक्रमांक चुकला तर ती कारकुनी चूक, तेवढ्यावर अर्ज जात नाही. सूचक त्या मतदारसंघाचा मतदारच नसेल तर इलाज नाही. अंगठा उठवणाऱ्याला मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्यावे लागते. २०२४ साली सुरतेत काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनीच ‘सह्या आमच्या नाहीत’ असे लिहून दिले आणि अर्ज गेला. तो तर मोठा पक्ष!

म्हणून एका अर्जावर थांबू नका. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरायची असते : १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. दुसऱ्या अर्जावर वेगळे दहा सूचक घ्या.

नमुना २६च्या शपथपत्रात (मालमत्ता, गुन्हे वगैरेंची माहिती देतो ते) एकही रकाना कोरा नको. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचे पक्षाचे पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या मूळ सहीचाच. झेरॉक्स चालत नाही. अर्ज दिल्यावर लगेच उमेदवाराची राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेऊन टाका. छाननीच्या दिवशी ती घेता येत नाही.

प्रश्न : आमच्या सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह मिळेल?

उत्तर : मिळू शकते, पण किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात, २८८ जागांच्या हिशेबाने चौदा-पंधरा उमेदवार. मुक्त चिन्हांतून (कुठल्याही पक्षासाठी राखीव नसलेल्या) पसंतीक्रम लावून पक्षाने आयोगाकडे आधीच अर्ज करायचा. अधिसूचना निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. महापालिका, जिल्हा परिषद लढवायची असेल तर राज्य निवडणूक आयोगाकडची पक्षनोंदणी वेगळी करावी लागते.