टीटीजी उतरत नसेल तर आधी हिंगाची डबी बघा

तुमच्या मुलीला सिलिॲक (गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) निघालं, पोळी-पाव-बिस्किटं कधीच बंद केली, बाहेर गेलात तर ती फक्त डोसा-सांबार नाहीतर फ्राइज खाते, तरी टीटीजी (सिलिॲकच्या रक्ततपासणीतला आकडा, ग्लूटेन पोटात जाणं थांबलं की हळूहळू उतरतो) हलत नाही आणि घरातले म्हणतात की फास्ट फूडमधल्या केमिकल्समुळे होतंय. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरीही हेच कोडं होतं. मी डॉक्टर नाही. औषधं आणि तपासण्या तिच्या डॉक्टरांना विचारूनच करा. रवा-मैदा-शेवया तुम्ही बंद केल्याच असतील, ते सोडून देते.

पाकिटावरच्या घटकयादीत त्या केमिकल्सचे जे नंबर असतात, त्यांचा एवढा धसका घेऊ नका. ६२१ म्हणजे अजिनोमोटो, त्यात ग्लूटेन नसतं. १४०० च्या पुढचे बरेच नंबर मॉडिफाइड स्टार्चचे; तो बहुधा मक्याचा किंवा टॅपिओकाचा असतो, आणि गव्हाचा असेल तर ॲलर्जीच्या ओळीत गव्हाचा उल्लेख करावाच लागतो. शोधायचं ते माल्ट एक्स्ट्रॅक्ट (हे बार्लीचं, कॉर्नफ्लेक्समध्ये सर्रास असतं), हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन आणि सोया सॉस (या दोन्हींत गहू असू शकतो). पण आपल्याकडे जास्त घात करतं ते साधं पीठ, ज्याला नंबरच नसतो.

त्यात पहिला हिंग. बाजारातला हिंग शुद्ध नसतो. मूळ राळ इतकी उग्र असते की ती डिंक आणि पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ बऱ्याचदा मैदा असतं. खडा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, खड्यातही पीठ असू शकतं. हिशेब करून बघा. पाव ग्रॅम हिंगात निम्मा मैदा धरला, तर सव्वाशे मिलिग्रॅम मैदा, म्हणजे साधारण १२ मिलिग्रॅम ग्लूटेन. चौघांत वाटलं तर माणशी ३. मग वरण, भाजी, लोणचं, उडदाचा पापड, ताकाची फोडणी असं करत दिवस संपेपर्यंत १० मिलिग्रॅम होतात, आणि बहुतेक सिलिॲक रुग्णांसाठी दिवसाची मर्यादा तेवढीच मानतात. हॉटेलच्या सांबारात तर हिंग चमच्याने पडतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीवर 'ग्लूटेन फ्री' लिहिलेलं बघून घ्या. भारतात त्या शब्दांचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही असा आहे. २० ते १०० ची 'ग्लूटेन कमी केलेले' अशीही वेगळी वर्गवारी आहे. ती तिच्यासाठी नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका मसाला कंपनीच्या ग्राहकसेवेने. सांबार मसाल्यातल्या हिंगात कोणतं पीठ आहे, एवढाच प्रश्न. उत्तर दर वेळी एकच: आमचं उत्पादन शंभर टक्के शाकाहारी आहे, प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत. अहो, हिरवा ठिपका गव्हाबद्दल काहीच सांगत नाही! फोनवर बसलेल्या माणसाला तो फरक शिकवलेलाच नसतो आणि तोवर इकडे मूल तो मसाला खात राहतं. म्हणून फोन करूच नका. ईमेल करा, त्यात बॅच नंबर आणि पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांक द्या, आणि हो-नाही उत्तर देता येईल असंच विचारा: हिंगातलं पीठ गव्हाचं आहे का? त्याच यंत्रावर गहू दळला जातो का? लेखी उत्तर येईपर्यंत तो मसाला वापरू नका. माझं ठाम मत, ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा माल सिलिॲकच्या घरात नको.

दुसरी जागा गिरणी. ज्वारी गव्हावर दळली तर दगडांत अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतं. "ज्वारीवर ज्वारी दळा" म्हटलं तरी आधीच्या दळणाचा अंश राहतोच. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. बाहेरची भाजणी टाळा, बहुतेकींत गहू असतो. सातूच्या पिठात गहू असतो, कुरडई गव्हाच्या चिकाची, आणि खपली हा गहूच आहे, कोणी कितीही पचायला हलका म्हटलं तरी.

आता फ्राइज. तळणीच्या तेलात ग्लूटेन जळून जात नाही. समोसा, नगेट्स, ब्रेडक्रम्सचं कटलेट ज्या तेलात तळलं त्यातच फ्राइज किंवा साबुदाणा वडा पडला की संपलं. शिवाय काही फ्रोझन फ्राइजना कुरकुरीतपणासाठी पिठाचा पातळ थर असतो. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना ॲलर्जीची माहिती द्यावी लागते, ती मागून घ्या. पण तेल वेगळं आहे का हे किचनमधल्या माणसालाच विचारा. डोशाचंही तसंच: त्याच तव्यावर रवा डोसा होतो, काही जण पिठात रवा-मैदा घालतात. माझ्या मते टीटीजी खाली येईपर्यंत बाहेरचं खाणं पूर्ण बंद, फळं आणि घरचा डबा एवढंच.

अमेरिकेत कोणी नातेवाईक असतील तर हेही सांगा: तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर असतो आणि त्यात गहू आणि दुधापासून केलेले घटक असतात. कंपनीच्या तिथल्या घटकयादीतच तसं लिहिलेलं आहे. शाकाहारी आणि सिलिॲक दोघांनाही ते चालत नाहीत.

हिंग आणि दळण या आठवड्यातच बदला. टीटीजी लगेच करून घेऊ नका, तो महिन्यांच्या हिशेबाने उतरतो. सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण प्रत्येक लॅबचे किट आणि आकडे वेगळे असतात. तेव्हाच हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि डी जीवनसत्त्वाबद्दलही डॉक्टरांना विचारा. आणि तिच्या नेहमीच्या गोळ्यांमध्ये स्टार्च कशाचा आहे हे केमिस्टला नाही, कंपनीला ईमेल करून विचारा.