फुलांच्या घाटीला बसने जाताना: पहिल्या दिवसाचे नियोजन

उत्तराखंडमधील फुलांची घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान) पाहायला आपण हरिद्वारहून बसनेच जायचे ठरवले, हे उत्तम झाले. नवख्या प्रवाशालाही हे सहज जमते. मात्र पहिला दिवस नीट आखायला हवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहाटेची बस पकडा. या डोंगरी रस्त्यावर रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध असल्याने लांबच्या गाड्या भल्या पहाटेच सुटतात. नवखे लोक किलोमीटर पाहून वेळ ठरवतात आणि तिथेच चुकतात: ऋषिकेश ते जोशीमठ (घाटीच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव) हे अंतर सुमारे २५० किलोमीटर असले, तरी देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग अशी गावे घेत अलकनंदेच्या काठाने चढत जाणाऱ्या या वाटेला दहा तास सहज लागतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळली तर कितीही. म्हणून त्याच दिवशी पुढचे गोविंदघाट गाठून, घाटीच्या पायथ्याच्या घांगरिया गावाकडे चालू लागण्याचा बेत कृपया करू नका. जोशीमठला मुक्काम करा, आणि परतीच्या रेल्वेआधी एक दिवस मोकळा ठेवाच.

सोबत एवढे सांभाळा:

- वळणांनी मळमळत असेल, तर पुढची जागा घ्या आणि डॉक्टरांनी सुचवलेली गोळी बस सुटण्यापूर्वीच घ्या.
- रेनकोट, पाणी, कोरडा खाऊ आणि रोख रक्कम जवळच्या पिशवीत ठेवा. टपावरचे सामान वाटेत हाती लागत नाही.

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर खुले असते. आत मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे राहण्याची सोय घांगरियालाच पाहा. बूट, काठ्या, जवळच्या हेमकुंड या शीख तीर्थाची चढाई यांविषयी बसचे नक्की झाल्यावर अवश्य विचारा.