वाचक विचारतात: डिटेक्टर बाहेर, पाईप आत, मग धोका कुठला?

प्रश्न: नमस्कार सर, मी चिकोडी तालुक्यात फायर अलार्मच्या फिटिंगची कामं घेतो. आता एका डिस्टिलरीत हवा ओढून धूर ओळखणारा डिटेक्टर बसवायचाय. सुपरवायझर म्हणतात, डिटेक्टर बाहेर सेफ एरियात, म्हणजे जिथं पेटणारी वाफ नसते तिथं लावा, आत नुसता लाल पाईपच जातोय की, पाईपात काय करंट असतो का, उगाच खर्च वाढवू नका. हे बरोबर आहे का?

उत्तर: भाऊ, पाईपात करंट नसतो हे खरंय, पण पाईपातून हवा येते आणि सगळी अडचण तिथंच आहे. आतली हवा ओढून बाहेरच्या डब्यात आणायची हेच तर या डिटेक्टरचं काम, मग आत इथेनॉलची वाफ असली तर तीपण त्याच हवेबरोबर डब्यात येणार, आणि डब्यात पंख्याची मोटर आहे, सर्किट आहे. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ सुटते तो, १५ अंशांच्या आसपास, हवेत साधारण ३.३ टक्के वाफ झाली की पेटायला पुरेशी, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये चिकोडी-अथणी पट्ट्यात ऊन कसलं असतंय ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे भिंत घालून जो सेफ एरिया केला तो तुमच्या पाईपनं उघडला, असं समजा.

म्हणून आधी कारखान्याकडून हजार्डस एरियाचं ड्रॉइंग मागून घ्या, कुठं किती वाफ असू शकते त्याप्रमाणं जागेचे झोन त्यात पाडलेले असतात, पाईप कुठल्या झोनमधून जातोय ते बघा आणि डिटेक्टर त्या झोनसाठी, त्या गॅस ग्रुपसाठी (पेटणाऱ्या वाफेच्या वर्गासाठी) मंजूर असलेलाच घ्या, बाहेर लावणार असलात तरी. पाईप जिथं भिंत ओलांडतो तिथं फ्लेम अरेस्टर. डब्यात ठिणगी पडून पाईपातली वाफ पेटली तर ज्वाला आत टाक्यांकडं जाऊ नये म्हणून तो असतो, डब्याला तो वाचवत नाही, त्यामुळं अरेस्टर लावलाय म्हणून कुठलाही डिटेक्टर चालेल असं होत नाही. आणि डब्यातून बाहेर पडणारी हवा कंट्रोल रूममध्ये सोडू नका, परतीचा पाईप टाकून, त्यालाही अरेस्टर लावून, जिथली हवा तिथंच पोचवा, त्यानं दोन्ही बाजूंचा दाबपण सारखा राहतो.

लाल एबीएस प्लास्टिकचा पाईप ऑफिसात, सर्व्हर रूममध्ये उत्तम, पण वाफेच्या जागेत प्लास्टिकवर स्टॅटिक चार्ज साठतो, कोरड्या फडक्यानं पुसला तरी. तिथं स्टेनलेस स्टीलचा पाईप घ्या, अर्थिंग करा आणि प्रत्येक जोडावर अर्थिंग तुटत नाही ना ते कंटिन्युइटी मीटरनं बघा. पाईपाला हवा ओढायची भोकं आत चढून पाडू नका, वर्कशॉपमध्येच पाडून, आतला चुरा हवा मारून काढून, मगच पाईप आत न्या. हे मी अनुभवानं सांगतोय, एका कामात शेवटच्या भोकापाशी धूर सोडला तर अलार्मला तीन मिनिटं लागली, एनएफपीए ७२ या अमेरिकेच्या फायर अलार्म कोडमध्ये हवा डिटेक्टरपर्यंत पोचायची मर्यादा १२० सेकंद आहे. पाईप खोलला तर एल्बोमध्ये बोटभर चुरा अडकलेला. अरेस्टरमुळंसुद्धा हवा अडते, तेव्हा पाईपाचा हिशोब सॉफ्टवेअरवर करताना अरेस्टर धरूनच करा, नंतर घुसडू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगायलाच पाहिजे. इथेनॉल जळताना धूर जवळजवळ करतच नाही, दिवसा ती फिकट निळी ज्वाला डोळ्यालासुद्धा धड दिसत नाही. टाक्यांच्या जागेत फ्लेम डिटेक्टर आणि गॅस डिटेक्टर लागतातच, धुराचा डिटेक्टर केबल तापली, पॅनेल जळायला लागलं अशा गोष्टींसाठी. त्याच्यावरच सगळा भरवसा टाकून मालक निवांत झाले तर ते धोक्याचं आहे, त्यांना हे तोंडावर सांगा.

पाईपावर कन्नड आणि मराठी दोन्हीत लेबल लावा. पाण्याची लाईन समजून वेल्डर लोक त्याला दोरी बांधतात, हे मी स्वतः बघितलंय.

प्रश्न: आमचं निपाणीला तंबाखूचं गोडाऊन आहे. तिथं असाच हवा ओढणारा डिटेक्टर आहे, वर्षात दोनदा त्याचा फॉल्ट आला, पाईपाची भोकं धुळीनं बुजतात. काय करावं?

उत्तर: ताई, भोकं मोठी करू नका, सगळा हवेचा हिशोब बिघडतो. डब्याच्या आधी लाईनमध्ये जादा फिल्टर बसवून घ्या आणि पाईप डब्यापासून सोडवून उलट्या बाजूनं कोरडी हवा मारून साफ करायची सोय ठेवा, पण डबा जोडलेला असताना हवा मारू नका. पावसाळ्यात दमट गोडाऊनमधून पाईप एसीच्या खोलीत येतो तिथं आत पाणी धरतं, तेव्हा पाईपाला उतार द्या आणि खालच्या टोकाला पाणी गोळा करणारा वॉटर ट्रॅप. फिल्टर बदलला की तारीख पेनानं डब्यावरच लिहा, वही हरवते.