दुसरं हार्ट ट्रान्सप्लांट, स्टेटस ४: आधी ॲक्टिव्ह आहे का ते विचारा

ताई, तुमच्या भावाच्या ट्रान्सप्लांट झालेल्या हार्टच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, दुसरं हार्ट लागणार आणि ट्रान्सप्लांट सेंटरने वेटिंग लिस्टवर स्टेटस ४ सांगितलंय हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या ह्यांचं इथे अमेरिकेत हेच झालं. छातीत दुखलंसुद्धा नाही, त्या हार्टच्या दुखणं कळवणाऱ्या नर्व्ह्स कापलेल्या असतात ना, नुसता जिना चढताना दम लागायचा.

दुसऱ्यांदा म्हणून मागे ढकललं का असं विचारलंत, तर तसं नाही. ऑक्टोबर २०१८ पासून मोठ्यांसाठी किती तातडीचं त्याप्रमाणे सहा स्टेटस झाले, १ म्हणजे सगळ्यात तातडीचा, त्यात रीट्रान्सप्लांट (परत हार्ट बसवणं) एवढ्यावरच ४ मिळतो. पण त्याच्या वर जायला बहुतेक वेळा एक्मो, बलून पंप असलं हार्टला आधार देणारं मशीन लागलेलं असावं लागतं, आणि आपल्या पेशंटला रिजेक्शन होऊ नये म्हणूनच्या गोळ्या चालू, इन्फेक्शनची भीती, त्यामुळे एलव्हॅड (हार्टला बसवायचा पंप) वगैरे डॉक्टर सहसा लावत नाहीत. त्यात पहिल्या हार्टमुळे अँटीबॉडी वाढल्या असतील तर कितीतरी डोनर आधीच बाद. किडनीच्या यादीत त्याचे जादा पॉइंट असतात, हार्टला नाहीत. पहिल्या वेळचं वेटिंगही धरत नाहीत. मला तरी हा अन्यायच वाटतो.

पण आमचं खरं नुकसान नियमांनी नाही, सेंटरच्या ऑफिसने केलं. ह्यांच्या दाढेत इन्फेक्शन झालं म्हणून नाव इनॲक्टिव्ह केलं, ते बरोबरच होतं. डेंटिस्टचं क्लिअरन्स गेलं, फॅक्स पोचल्याचा कागदही होता, पण परत ॲक्टिव्ह कोणी केलंच नाही! आम्ही रात्री फोन उशाशी घेऊन झोपायचो आणि इनॲक्टिव्ह माणसाला ऑफर येतच नाही. विचारलं की "यू आर ऑन द लिस्ट", एवढंच उत्तर. लिस्टवर असणं वेगळं आणि ॲक्टिव्ह असणं वेगळं, हे त्यांना माहीत नव्हतं का? अजून संताप होतो.

म्हणून "आज ॲक्टिव्ह आहे का, कुठल्या स्टेटसला" असंच विचारा, आणि उत्तर पोर्टलवर लेखी घ्या. ४ चं रिन्युअल ९० दिवसांनी असतं, ती तारीखही विचारून ठेवा.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकाची केस वेगळी. पण तब्येत ढासळून ॲडमिट व्हावं लागलं तर वरच्या स्टेटससाठी एक्सेप्शनचा (नेहमीच्या निकषांत बसत नसताना सूट मागायचा) अर्ज करणार का हे कार्डिओलॉजिस्टला तोंडावर विचारा, तो अर्ज सेंटरच करू शकतं. दुसऱ्या सेंटरलाही नाव घालता येतं, फक्त इन्शुरन्सला आधी विचारा. आणि दात आत्ताच दाखवून घ्या.