फार्मसी टेक्निशियन आणि फार्मासिस्ट यांच्या कामात नेमका फरक काय?

काउंटरवर दोघं सारखेच दिसतात म्हणून गोंधळ होतो, पण फरक मोठा आहे. प्रिस्क्रिप्शन सिस्टीममध्ये टाकणं, गोळ्या मोजून पॅक करणं, लेबल लावणं, स्टॉक आणि एक्सपायरी बघणं, बिलिंग, हे सगळं टेक्निशियनकडे असतं. फार्मासिस्ट ते औषध या पेशंटला चालेल का हे ठरवतो, म्हणजे डोस बरोबर आहे का, किडनीचा त्रास आहे का, आधीच्या औषधांशी भांडण होणार का वगैरे.

उदाहरण सांगतो, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असलेल्या माणसाला कोणी आयबुप्रोफेन (वेदनाशामक) लिहून दिलं तर ब्लीडिंगचा धोका वाढतो, आणि मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ते चुकून रोज लिहिलं गेलं तर जीवावर बेतू शकतं, मग फार्मासिस्ट डॉक्टरांना फोन करतो आणि खात्री झाल्याशिवाय औषध देत नाही. तो निर्णय टेक्निशियनने घ्यायचा नसतो, पेशंटला सल्लाही द्यायचा नसतो, शंका आली की लगेच फार्मासिस्टला सांगायचं.

पण म्हणून टेक्निशियनचं काम हलकं समजू नका हं, सारख्या नावाच्या दोन औषधांतली चूक कित्येकदा त्याच्याच नजरेला आधी पडते. हॉस्पिटलमध्ये तर आयव्हीची, म्हणजे शिरेतून द्यायची औषधं निर्जंतुक जागेत तयार करायचं कामही ट्रेन्ड टेक्निशियन करतात, फायनल चेक मात्र सहसा फार्मासिस्टचा.

शिक्षणाचं म्हणाल तर फार्मासिस्टला काही वर्षांची डिग्री किंवा डिप्लोमा आणि लायसन्स लागतं, टेक्निशियनचा कोर्स बराच छोटा असतो. नियम देशागणिक बदलतात.