तरुणपणी कट्टर डावे असलेले कार्यकर्ते पुढे विचार का बदलतात? ही तत्त्वच्युतीच नव्हे का?

तुमचे मामा तरुणपणी लाल बावट्याखाली मोर्चे काढत होते आणि आज सरकारी उद्योग विकून टाका म्हणतात, तेव्हा त्यांचं तेव्हाचं खरं मानायचं की आताचं, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते दोन्ही खरं असू शकतं. तत्त्वच्युती म्हणण्याआधी माणूस कशामुळे बदलला आणि बदलून त्याच्या पदरात काय पडलं, एवढं तरी बघायला हवं.

आमच्या घरी राष्ट्र सेवादलाचं, म्हणजे समाजवादी युवक संघटनेचं वातावरण होतं, त्यामुळे नाशिकच्या तुरुंगाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. कायदेभंगाच्या चळवळीत, 1932-33 च्या सुमारास, जयप्रकाश नारायण (जेपी), अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एसेम जोशी आणि नानासाहेब गोरे तिथे बंदिवान होते. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्या चर्चांतून आकाराला आली आणि 1934 मध्ये पक्ष उभा राहिला. सगळे मार्क्स वाचलेले, सगळे विशी-तिशीतले.

पुढे यांच्या वाटा किती फुटल्या पाहा. सोव्हिएत रशियानं भारावलेले मसानी स्टालिननं जुन्या सहकाऱ्यांवर चालवलेल्या मॉस्को खटल्यांनंतर त्या स्वप्नातून बाहेर आले आणि 1959 मध्ये राजाजींबरोबर (सी. राजगोपालाचारी) खुल्या अर्थव्यवस्थेचा ‘स्वतंत्र पक्ष’ काढणाऱ्यांत होते. बेचाळीसच्या ‘चले जाव’ चळवळीतले भूमिगत नेते अच्युतराव 1950 च्या सुमारास राजकारण सोडून तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचाराकडे वळले. अशोक मेहता 1964 मध्ये काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले. त्यांना संधिसाधू म्हणणारे आजही भेटतात. पण 1968 मध्ये रशियानं चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसवले आणि भारत सरकारनं संयुक्त राष्ट्रांतल्या निषेधाच्या ठरावावर तटस्थ राहायचं ठरवलं, तेव्हा याच माणसानं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एसेम आणि नानासाहेब अखेरपर्यंत समाजवादीच राहिले.

या सगळ्यांत जेपींचा बदल मला सर्वांत अभ्यासण्यासारखा वाटतो, आणि त्यातला कळीचा प्रसंग आपल्या पुण्यातच घडला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला एक कोटीहून जास्त मतं मिळाली, पण लोकसभेत जागा आल्या फक्त 12. त्यानंतर काही महिन्यांतच, 1952 च्या उन्हाळ्याअखेरीस, जेपी पुण्याला डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात 21 दिवसांच्या उपोषणाला बसले. निमित्त पोस्टमन संघटनेच्या प्रश्नाचं होतं. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या मनात बरीच वर्षं चाललेली घालमेल एका टोकाला पोहोचली. लगेच त्यांनी लेख लिहून जाहीर केलं की द्वंद्वात्मक भौतिकवादावर, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी जड पदार्थच आहे असं मानणाऱ्या मार्क्सवादी तत्त्वज्ञानावर, आपला विश्वास उरलेला नाही. माणूस म्हणजे फक्त जड पदार्थ असेल, तर त्यानं चांगलं का वागावं, या प्रश्नाला भौतिकवादाकडे उत्तर नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

निवडणूक हरल्यावर अध्यात्म सुचलं, अशी टीका तेव्हाही झाली. मला ती पटत नाही. शंका जुनी होती. रशियातल्या कत्तली त्यांनी मनावर घेतल्या होत्या. कम्युनिस्टांना त्यांनीच विश्वासानं पक्षात घेतलं होतं आणि दक्षिणेतल्या शाखाच्या शाखा कम्युनिस्टांनी आपल्याकडे ओढून नेल्या, तो घावही खोल होता. तेव्हापासून साधनं वाईट असतील तर साध्य टिकत नाही, हा विचार त्यांच्या लिखाणात येऊ लागला होता. शिवाय सत्ता हवी असती तर ती दारात होती. 1953 मध्ये नेहरूंनी त्यांना सहकार्यासाठी बोलावलं. जेपींनी 14 कलमी कार्यक्रम पुढे ठेवला, बोलणी फिसकटली आणि पुढच्या वर्षी बोधगयेला त्यांनी विनोबांच्या भूदान चळवळीसाठी जीवनदान, म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य वाहण्याचं व्रत, जाहीर केलं. नेहरूंनंतर कोण, या चर्चेत ज्याचं नाव घेतलं जायचं, तो माणूस जमिनीची दानपत्रं मागत गावोगाव फिरू लागला. 1957 मध्ये पक्ष सोडताना त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना लांबलचक पत्र लिहून एकेक कारण मांडलं. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो. सोबत्यांना अंधारात ठेवून ते निघून गेले नाहीत.

जेपींचं सगळंच मला मान्य आहे, असं मात्र नाही. काँग्रेस सरकारविरुद्धच्या बिहार आंदोलनाच्या भरात, मार्च 1975 मध्ये, जनसंघाच्या अधिवेशनात ते म्हणाले की जनसंघ फॅसिस्ट असेल तर मीही फॅसिस्ट. जनसंघ ज्याच्या विचारांतून आला त्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर त्यांनीच पूर्वी कडक टीका केली होती. हुकूमशाहीविरुद्ध सगळ्यांना एकत्र आणण्याची निकड मला समजते, पण सोबत घेतलेल्यांच्या विचारांची झाडाझडती तिथे व्हायला हवी होती. ती राहून गेली आणि जनसंघासह विरोधकांच्या एकजुटीतून झालेला जनता पक्ष 1979 मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या, म्हणजे पक्षात राहून संघाचंही सदस्य राहावं का या, वादात फुटला.

तेव्हा मामांशी वाद घालण्याआधी त्यांना एवढंच विचारा, पहिली शंका कधी आली आणि कुठल्या घटनेनं? ज्याला तो दिवस, ते गाव, ती माणसं आठवतात, त्याचा बदल मी गंभीरपणे घेतो. ज्याची मतं वारा फिरला तशी फिरली, त्याला यातलं काही सांगता येत नाही. मामांनी सांगितलं तर मधे न बोलता ऐकून घ्या, आणि पटलं नाही तर तेही त्यांना स्पष्ट सांगा. चळवळीतल्या माणसाला वाद घातलेला आवडतो.